पोस्टरच्या कडेचा हात

त्या गल्लीत कपडे दुरुस्त करून देणारं एकच दुकान होतं आणि ते दोन जावांचं होतं. थोरली मशीनवर बसायची. काजं-बटणं, तुरपाई आणि इस्त्री धाकटीकडे. नवे कपडे शिवायच्या फंदात दोघी कधी पडल्या नाहीत. पोटाबरोबर सैल करायच्या पॅंटी, थोरल्या भावाचे धाकट्याला करायचे शर्ट, दप्तरांच्या चेन, पडद्यांच्या लांब्या, असलीच सगळी कामं. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. भिंतीला टेकून कपड्यांचा ढीग, प्रत्येक कपड्याला टाचणीने टोचलेली चिठ्ठी, मागे एक जाडाभरडा पडदा. पडद्यामागे इस्त्रीचं टेबल आणि त्याच्या मागे घर.

"थोरली हाताने जेवढं काम करते तेवढं धाकटी तोंडाने करते," असं सासूबाई म्हणायच्या. ते काही अगदीच खोटं नव्हतं. गिऱ्हाईक पायरी उतरलं रे उतरलं की धाकटी त्याचाच कपडा हातात धरून त्याला बोलतं करायची. शर्ट खोकायचे, कोट घोरायचे, शाळेचे झगे एकमेकांच्या चुगल्या करायचे. सगळ्यांत लाडकी होती ती हेडमास्तरांची तपकिरी पॅंट. हेडमास्तर दर थोड्या महिन्यांनी तीच पॅंट घेऊन यायचे आणि दर वेळी गंभीरपणे सांगायचे, "धुण्यात आटलीय." थोरली तेवढ्याच गंभीरपणे मान डोलवायची आणि कमरेची शिवण आणखी थोडी सोडायची. हेडमास्तर कोपऱ्यावरून वळले की पॅंट बोलायला लागायची: "बाई गं, मी आटले नाही गं! मी आहे तेवढीच आहे! मला आता शिवणीत कापडच उरलं नाही, सांग ना कोणीतरी सरांना!" थोरलीची पुरती दैना उडायची. मशीन थांबवून, मान मागे टाकून ती अशी हसायची की समोरच्या चपलांच्या दुकानातला म्हातारा उगाचच, काही न कळता, हसायला लागायचा.

अशाच एका दुपारी एक फोटोग्राफर शर्टाचं तुटलेलं बटण घेऊन आला. देशाच्या प्रसिद्धीखात्याचं काम करतो म्हणाला. परदेशात लावायच्या जाहिरातींसाठी गावोगाव फिरून साध्या माणसांचे फोटो काढतोय. बटण लागेपर्यंत त्याने विचारलं, "तुमचे काढू का दोन-चार?"

"काढा की," धाकटी म्हणाली, "फक्त यांना बारीक दाखवा आणि मला उंच."

तेवढ्यात तिच्या हाताला ती तपकिरी पॅंट लागली, आणि पुढे व्हायचं तेच झालं. फोटोग्राफर बटण लावून घेऊन निघून गेला आणि दोघी ते सगळं विसरूनही गेल्या.

मग एका संध्याकाळी नणंदेचा फोन आला, चेहरा दिसणारा. नणंद लग्नानंतर दूरदेशी राहत होती. फोनमध्ये आधी नुसता गोंगाट, मग तिचं अर्धं कपाळ दिसलं.

"मोठी वहिनी! अगं, तू आमच्या स्टेशनात आहेस!"

"मी कशाला स्टेशनात, मी इथे भाकरीचं पीठ मळतेय."

"भिंतीवर गं, भिंतीवर! माझ्या दुप्पट उंच! थांब, फोटो पाठवते."

सगळं घर फोनवर ओणवं झालं. खरोखरच थोरली होती. डोळे मिटलेले, मान मागे, मांडीवर अर्धी उसवलेली बाही, आणि तोंड असं उघडं की अक्कलदाढा मोजून घ्याव्यात. खाली तिकडच्या भाषेत एक ओळ. नणंदेने अर्थ सांगितला: "म्हणजे साधारण असं, की जिथे हसू घरचं आहे, तिथे या."

"हिचं हसू बघून कोण येतंय?" सासूबाई म्हणाल्या. "मला तर कानात बोटं घालावी लागतात." पण फोन त्यांनीच सगळ्यांत जवळ धरला होता.

थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोला, कोणाच्याही चढलं असतं.

धाकटीने फोन घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, उजव्या कडेला सरकवलं. तिथे एक हात होता. मनगटापासून पुढचा. मधल्या बोटात शिवताना घालायचं टोपण आणि मुठीत धरलेली तपकिरी पॅंट, तिचा लोंबता एकच पाय. त्याच्यापुढे चित्र संपलं होतं.

"हा माझा हात," धाकटी म्हणाली.

"तुझाच तर!" नणंद तिकडून ओरडली.

"आणि बाकीची मी कुठे गेले?"

इथे थोरलीने गप्प बसायला हवं होतं. पण आनंदात माणसाची जीभ नेमकी सैल सुटते. ती म्हणाली, "बरंच झालं की! तुझे केस किती विस्कटलेले होते त्या दिवशी!"

सगळे हसले. धाकटीही जराशी हसली, फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि इस्त्री तापत ठेवायला आत गेली. त्या संध्याकाळी इस्त्रीला काही नव्हतंच, हे थोरलीच्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानातले कपडे मुके झाले. धाकटी येत होती, बसत होती, काजं करत होती, काम एका टाक्याने कमी नव्हतं. पण बोलणं म्हणजे "दोरा", "कात्री", "हे द्यायचं झालं". हेडमास्तर पॅंट घेऊन आले, "आटलीय" म्हणाले, गेले. थोरलीने आशेने पॅंट धाकटीच्या हाताला लागेल अशी ठेवली. धाकटीने ती घडी करून ढिगावर ठेवून दिली.

"अगं, त्या खात्याने कापलं तुला," थोरली एकदा न राहवून म्हणाली. "मी कापलं का?"

"मी कुठे काय म्हणतेय, जाऊबाई? हा दोरा पांढरा घेऊ की क्रीम?"

"क्रीम," थोरली म्हणाली, आणि विषय तिथेच तुरपला गेला.

पाणी कुठे मुरतंय ते तिला कळत होतं. पोस्टरचं दुःख नव्हतंच. दुःख त्या एका वाक्याचं होतं. आणि ते वाक्य परत कसं घ्यावं ते तिला कळेना. शिवण उसवता येते, बोललेलं कसं उसवायचं? गल्लीत तिला आता सगळे "पोस्टरबाई" म्हणायला लागले होते. दूधवाला सकाळी "परदेशात काय म्हणतात?" असं विचारून भांड्यात दूध ओतायचा. आणि पोस्टरबाई स्वतः मात्र हसायचंच विसरून गेली होती.

"दोन घड्याळांसारख्या नुसत्या टिकटिक करताय," सासूबाई जेवताना म्हणाल्या. "भांडा तरी नीट. आम्हालाही काही ऐकायला मिळेल."

अशात प्रसिद्धीखात्याचे साहेब आले. तरुण, नम्र, गळ्यात टाय, आणि तो टाय दर दोन वाक्यांनी नीट करायची सवय. त्यांनी सांगितलं की बाहेरून काही पाहुणे येणार आहेत. प्रवासकंपन्या चालवणारे, प्रवासावर लिहिणारे. देश दाखवायला त्यांना बोलावलंय, आणि त्यांनी स्वतःहून एकच गोष्ट मागितलीय: ती पोस्टरवरची बाई भेटवा.

"का बरं?" थोरलीने विचारलं.

साहेबांनी टाय नीट केला. "तिकडे बऱ्याच लोकांना वाटतं की तुम्ही खऱ्या नाही आहात. म्हणजे, नटी आहात, पैसे देऊन हसवलेल्या. सगळेच देश आजकाल हसरी माणसं लावतात ना भिंतीवर. लोक विश्वास ठेवत नाहीत. तर तुम्ही खऱ्या आहात एवढंच दाखवायचंय. तुम्ही काही करायचं नाही, फक्त हसायचं."

"एवढंच?"

"एवढंच. एकदा हसून दाखवता का?"

थोरलीने तोंड उघडलं, दात दाखवले, घशातून "ह्यॅ, ह्यॅ" असा आवाज काढला. साहेब काळजीने म्हणाले, "दाढ दुखतेय का?"

मग घरादाराने तिला हसवायचा विडा उचलला. दिराने मिशी लावून दाखवली. नवऱ्याने त्याला येणारा एकुलता एक विनोद सांगितला, जो तिने लग्नाच्या वर्षीच ऐकला होता आणि ज्याचा शेवट तो दर वेळी आधी सांगून टाकायचा. "अहो, राहू द्या," ती म्हणाली, "तुमचा बिचारा विनोदही दमलाय." सासूबाईंनी तळपायाला गुदगुल्या करायचा प्रस्ताव मांडला. धाकटी हे सगळं बघत होती आणि तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हललाही, पण तिने तो लगेच जागेवर नेऊन बसवला.

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी खात्याची माणसं आली आणि दुकान दुकान राहिलं नाही. भिंतीला पिवळा रंग, दारात कुंड्या. चिठ्ठ्या टोचलेला ढीग "दृश्यात बरा दिसत नाही" म्हणून आत गेला आणि थोरलीच्या पलंगावर जाऊन बसला. तिचं रोजचं मशीन उचललं गेलं आणि त्या जागी कुठल्याशा कार्यालयातलं जुनं, काळंभोर, सोनेरी वेलबुट्टीचं मशीन आलं. त्याला सुई नव्हती.

"हे चालत नाही," थोरली म्हणाली.

"दिसतं छान," साहेब म्हणाले. मग त्यांनी धाकटीकडे बघितलं आणि संकोचून टाय नीट केला. "पोस्टरात एकच बाई आहे, तर पाहुण्यांचा गोंधळ नको. ह्या जर थोडा वेळ आत बसल्या..."

सगळं दुकान क्षणभर थोरलीच्या तोंडाकडे बघत होतं. धाकटीही. थोरलीच्या ओठांवर शब्द आला होता, पण साहेब इतके आर्जवाने बघत होते, रंगारी ब्रश धरून थांबला होता, आणि तो शब्द बाहेर यायच्या आतच धाकटी म्हणाली, "मी इस्त्रीपाशी बसते. तिथे माझे केस कोणाला दिसायचे नाहीत."

पडदा पडला. थोरली सुई नसलेल्या मशीनकडे बघत बसून राहिली. तिला वाटलं, खात्याने हिला एकदा कापलं, मी दोनदा.

पाहुणे आले ते पोस्टरच्या छोट्या प्रती हातात घेऊनच. सोबत एक दुभाषीबाई. पाहुण्यांनी दुकान बघितलं, पोस्टर बघितलं, परत दुकान बघितलं. त्यांच्यातला एक उंच गृहस्थ दुभाषीबाईंना काहीतरी म्हणाला.

"ते विचारतायत, हे दुसरं दुकान आहे का? चित्रात मागे कपड्यांचा डोंगर आहे."

"आवरलं," थोरली म्हणाली.

"ते म्हणतायत, अरेरे."

मग सगळे तिच्याकडे बघत उभे राहिले, प्रेमाने, अपेक्षेने. साहेबांनी मागून खूण केली. थोरलीने तोंड उघडलं. आवाज काही आला नाही. बंद मशीनचं चाक तिने उगाच एकदा फिरवलं. पाहुणेही सभ्यपणे, थोडे थोडे, हसले. त्यांना वाटलं असावं की लोक म्हणत होते तेच खरं, ही नटीच, आज तिचा दिवस चांगला नाही.

त्यांच्यात एक पिकल्या केसांच्या, गुबगुबीत आजीबाई होत्या. त्यांच्या गावात त्या प्रवासाच्या सहली काढायच्या. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पोस्टर नाकाजवळ धरलं आणि एकदम भरभर बोलायला लागल्या. दुभाषीबाई ऐकता ऐकता हसू दाबायला लागल्या.

"त्या म्हणतायत, हे पोस्टर त्यांच्या बसथांब्यावर लागलंय. त्या रोज तिथे उभ्या असतात. सुरुवातीला त्यांनी तुमच्याकडे बघितलं. पण बस कायम उशिरा येते, हसणाऱ्या बाईकडे किती वेळ बघणार? मग त्यांनी कडेला बघितलं. त्यांचा एकच प्रश्न आहे. हा हात कोणाचा?"

पडद्यामागे इस्त्रीने एकदा फुस्स केलं.

"थांब्यावर त्यांच्यात वाद आहेत," दुभाषीबाईंनी पुढे सांगितलं. "एक पोस्टमन म्हणतो, हा चोर आहे, पॅंट पळवतोय, आणि बाई डोळे मिटून हसतेय म्हणून तिला पत्ता नाही. एक शिक्षिका म्हणते, हा नवरा आहे, त्याला ती पॅंट घालायची नाहीये. आजीबाई म्हणतात, दोघेही चूक. हा हात एका बाईचा आहे, बोटात टोपण आहे, आणि ती काहीतरी बोलतेय. कारण तुम्ही कॅमेऱ्याकडे हसत नाही आहात, त्या हाताकडे हसताय. त्या म्हणतात, देशांनी भिंतीवर काय लावलंय ते आम्ही बघतो, पण कडेला काय उरलंय तेही आम्हाला दिसतं."

साहेब चटकन पुढे झाले. "ते कोणी नाही, एक सहकारी..."

"सहकारी नाही हो," थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. ती उठली, सुई नसलेल्या मशीनला वळसा घालून गेली आणि पडदा बाजूला केला. धाकटी इस्त्री हातात धरून उभी होती, कान पडद्याला लागलेले, पकडली गेल्यासारखी. थोरलीने तिच्या हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि तिचं मनगट धरून तिला पुढे आणलं.

"हा हात हिचा," ती दुभाषीबाईंना म्हणाली. "ही माझी जाऊ. आणि ते हसूही हिचंच आहे, सांगा त्यांना. मी फक्त तोंड दिलंय."

धाकटी ताठ उभी राहिली. "माझे केस विस्कटलेत," ती म्हणाली.

"त्या दिवशीही होते," थोरली म्हणाली. "आणि मी मूर्खासारखं बोलले. चुकले गं. विस्कटलेल्या केसांनीच ये, पण ये. तुझ्यावाचून दुकानातले कपडेसुद्धा बोलत नाहीत."

धाकटीने नाक एकदा पदराला पुसलं आणि दुभाषीबाईंना विचारलं, "आजीबाईंना पॅंट बघायचीय का?"

आजीबाईंना दुभाष्याची गरजच पडली नाही.

धाकटी आत गेली, पलंगावरच्या ढिगातून तपकिरी पॅंट ओढून घेऊन आली, कमरेला धरून समोर झुलवली. पॅंटने आधी सगळ्या पाहुण्यांना वाकून नमस्कार केला. मग साहेबांचा टाय नीट केला. मग ती बोलायला लागली: "मंडळी, इतके दिवस मला हिने तोंड उघडू दिलं नाही! परदेशात माझा एकच पाय गेलाय, दुसरा इथेच! सर म्हणतात मी आटले. अहो, मी आटले नाही..."

"आटलीच आहे!" दारातून आवाज आला.

हेडमास्तर. आपली पॅंट झाली का बघायला आलेले. धाकटीने पॅंट पाठीमागे लपवली, पण पाय दोन्हीकडून लोंबत होते. थोरलीने हेडमास्तरांकडे बघितलं, पॅंटकडे बघितलं, आणि तिच्या पोटातून ते आलं. मान मागे गेली, डोळे मिटले, आणि समोरच्या चपलांच्या दुकानातला म्हातारा काही न कळता हसायला लागला. उंच गृहस्थाने पोस्टर वर धरलं, तिच्या शेजारी, आणि ओरडून काहीतरी म्हणाला. "ते म्हणतायत, खरी आहे!" असं दुभाषीबाईंनी सांगितलं, पण त्यांनाच हसू आवरत नव्हतं.

"माझी पॅंट परदेशात लागलीय?" हेडमास्तर विचारत होते. "कोणत्या कोणत्या शहरात?" त्यांना उत्तर मिळाल्यावर त्यांची छाती अशी फुगली की आता शर्टही सैल करावा लागणार, हे दोन्ही जावांना एकदमच दिसलं. पाहुण्यांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. एकाने पॅंटशीही केलं. साहेब क्षणभर गोंधळून उभे होते, मग त्यांनी टाय सैल केला, कुंडी सरकवून पायरीवर बसकण मारली आणि म्हणाले, "चहा मिळेल का हो?" आजीबाई आपल्या फोनवर फोटो काढत सुटल्या होत्या, चष्मा कपाळावर, कॅमेरा वाकडातिकडा.

काळं मशीन दुसऱ्या दिवशी परत गेलं. ढीग पलंगावरून भिंतीपाशी आला. पिवळा रंग तेवढा राहिला. त्याच्यावर टाचण्यांची भोकं पडायला फार वेळ लागला नाही.

बऱ्याच दिवसांनी साहेबांच्या फोनवरून एक फोटो आला. आजीबाईंच्या गावचा तो बसथांबा. काचेमागे मोठं पोस्टर, थोरली हसतेय, कडेला हात आणि पॅंटचा एक पाय. आणि काचेवर बाहेरून, त्या हाताला बरोबर जोडून, आजीबाईंनी आपला काढलेला फोटो चिकटपट्टीने लावला होता. त्यात धाकटी होती, अख्खी, डोक्यापासून पायापर्यंत, तोंड उघडं, केस चारी दिशांना, हातात पॅंटचा दुसरा पाय. खाली एक पोस्टमन अंगठा दाखवत उभा होता, बहुतेक तो वाद हरलेला.

सगळं घर पुन्हा फोनवर ओणवं झालं. धाकटीने दोन बोटांनी आपला फोटो मोठा केला, मग डाव्या कडेला सरकवला. तिथे एक कोपर होतं. फक्त कोपर, मशीनवर टेकलेलं, ओळखीच्या निळ्या बाहीतलं.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "यात तुमचं कोपरच आलंय की हो."

थोरलीने फोन नाकाजवळ ओढला.

"बरंच झालं," धाकटी म्हणाली आणि इस्त्री तापत ठेवायला उठली. "तुमचे केस किती विस्कटलेले होते त्या दिवशी!"

सासूबाईंनी आधीच कानात बोटं घालून घेतली.